हिंदकळणाऱ्या पाण्याचे गणित

विहिरीवरून किंवा नळावरून बादली भरून आणण्याचे काम तुमच्यापैकी पुष्कळांनी केले असेल. काठोकाठ भरलेल्या बादलीतून पाणी सांडते, यात नवल नाही. पण चार बोटे रिकामी ठेवली तरी काय होते? पहिली चार-पाच पावले ठीक जातात. मग पाणी हिंदकळू लागते, दर पावलागणिक थोडे अधिक वर चढते आणि दहा-बारा पावलांत आपले पाय भिजतात. आपण थांबतो, पाणी शांत होऊ देतो आणि पुन्हा चालू लागतो. चालण्याचा जोर तर पहिल्या पावलाला होता तेवढाच बाराव्यालाही असतो. मग पाणी का चढत जाते?

झोका देणाऱ्या मुलाकडे पाहा. तो एकदाच जोर लावून झोपाळा उंच नेत नाही. झोपाळा मागे येऊन परत फिरण्याच्या नेमक्या क्षणी तो हलकासा धक्का देतो, आणि असे दहा हलके धक्के मिळून झोपाळा उंच जातो. धक्क्याचा ताल आणि झोपाळ्याचा स्वतःचा ताल जुळला पाहिजे, एवढीच अट. भौतिकीत याला अनुस्पंदन म्हणतात. बादलीतल्या पाण्यालाही असाच स्वतःचा एक ताल असतो. २८ सेंटीमीटर व्यासाची बादली बरीचशी भरलेली असेल, तर तिच्यातले पाणी पाच सेकंदांत सुमारे नऊ हेलकावे घेते. आता घड्याळ लावून आपली पावले मोजा. सहज चालीने चालणारा माणूसही पाच सेकंदांत आठ ते दहा पावले टाकतो! म्हणजे आपण आपल्या नकळत पाण्याला झोके देत चाललेलो असतो.

चहाच्या पेल्याचे तसे नाही. भांडे लहान तसा हेलकावा जलद. सात सेंटीमीटर व्यासाच्या पेल्यातला चहा सेकंदाला साडेतीनपेक्षा अधिक हेलकावे घेतो, म्हणजे आपल्या पावलांच्या जवळजवळ दुप्पट. तरीही तो सांडतो, कारण आपली चाल घड्याळाच्या लंबकासारखी काटेकोर नसते. तिच्यात बारीकसारीक जलद धक्केही मिसळलेले असतात. हान्स मायर आणि रूस्लान क्रेचेत्निकोव्ह या दोघा संशोधकांनी कॉफी का सांडते याचा रीतसर अभ्यास केला आणि २०१२ साली त्यांना ‘इग नोबेल’ हे गमतीचे पारितोषिक मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. विषय हसण्याचा नव्हता हे पुढे तुमच्या ध्यानात येईलच.

एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. झाकण लावलेला, पूर्ण भरलेला डबा हलवला तर आतले पाणी जवळजवळ एखाद्या घन ठोकळ्यासारखे डब्याबरोबर जाते. हिंदकळायला पाण्याला मोकळा पृष्ठभाग लागतो. म्हणून भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर घाटाच्या वळणावर अधिक अवघड. वजन कमी, पण ते जागेवर राहत नाही. सहा मीटर लांबीच्या टाकीत एक मीटर पाणी असेल, तर ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत यायला सुमारे चार सेकंद घेते. चालकाने ब्रेक लावला, गाडी थांबली असे त्याला वाटले, आणि मग मागून काही टन पाणी पुढच्या भिंतीवर येऊन आदळले, असा हा प्रकार असतो. टाकीत मध्ये भोके पाडलेले आडपडदे बसवले की हा जोर मोडतो. दुधाच्या टाक्या मात्र आतून स्वच्छ धुवाव्या लागतात आणि पडदे त्याच्या आड येतात. त्यामुळे दुधाचा टँकर अर्धवट भरून नेणे चालकाला नकोसे वाटते.

जिनीव्हाचे सरोवर आणि एक सूत्र

हे चार सेकंद आम्ही कोठून आणले? भांडे लांबट आणि पाणी उथळ असेल तर त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. उथळ पाण्यातील लाटेचा वेग हा गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा असतो. या वेगाने लाटेला भांड्याची लांबी एकदा जायला आणि एकदा यायला जेवढा वेळ लागेल, तोच एका पूर्ण हेलकाव्याचा काल:

काल = २ × लांबी ÷ √(गुरुत्वीय त्वरण × खोली)

बाझेलच्या मेरियन यांनी १८२८ साली हे गणित मांडले. (टँकरमधले पाणी तितकेसे उथळ नसल्याने तेथे थोडी दुरुस्ती करावी लागते.) गंमत अशी की हे सूत्र ताटाला लागू पडते तसेच सरोवरालाही! जिनीव्हाच्या सरोवराचे पाणी कधी कधी वारा पडल्यावरही एका टोकाला संथपणे चढते आणि उतरते. एकोणिसाव्या शतकात फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने त्याची वर्षानुवर्षे मोजणी केली. सरोवराची लांबी सुमारे ७३ किलोमीटर आणि सरासरी खोली सुमारे १५४ मीटर. सूत्रात घालून पाहा, उत्तर येते सुमारे ६३ मिनिटे. प्रत्यक्षात सरोवराला लागतात सुमारे ७३ मिनिटे.

दहा मिनिटे कोठे गेली? सूत्र सपाट तळाच्या, सरळ भिंतींच्या पेटीसाठी आहे. सरोवराचा तळ उंचसखल, आकार चंद्रकोरीसारखा वाकडा, एक टोक रुंद तर दुसरे निमुळते. सरोवराच्या बाबतीत दहा मिनिटांच्या चुकीने कोणाचे नुकसान होत नाही. अग्निबाणाच्या बाबतीत होते.

त्र्याण्णव सेकंद

अमेरिकेचे ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्र २६ एप्रिल १९५७ रोजी उडाले आणि ९३ सेकंदांनी त्याचे उड्डाण संपले. कारण निघाले टाक्यांत हिंदकळणारे द्रव इंधन. अग्निबाणाचे बहुतेक वजन हे द्रवाचेच असते. तो जरा कलला की त्याची नियंत्रण यंत्रणा इंजिनाचे तोंड किंचित वळवून त्याला सरळ करते. पण या वळवण्याने टाकीतले इंधन हेलकावते, हेलकाव्याने अग्निबाण पुन्हा कलतो आणि यंत्रणा पुन्हा दुरुस्ती करते. दुरुस्तीचा ताल आणि इंधनाचा ताल जुळला, तर सावरणारा हातच झोके देऊ लागतो! टाक्यांत अडथळे बसवून ३१ मे रोजी पुढचे ज्युपिटर सोडले, आणि ते यशस्वी झाले.

त्या वेळचे अभियंते टाकीतल्या द्रवाऐवजी हिशेबात एक स्थिर वजन आणि एक टांगलेला लोलक धरत. खालचे द्रव टाकीबरोबर जाते, ते स्थिर वजन. वरचे हिंदकळते, तो लोलक. युक्ती मोठी सुरेख आहे आणि ती आजही वापरतात. भूकंपात पाण्याच्या टाकीवर किती जोर येईल हे काढण्याच्या भारतीय मानकातही (२०१४) पाण्याचे असेच दोन भाग करतात. पण लोलक फुटत नाही, त्याचे शिंतोडे उडत नाहीत, तो छतावर आदळून उलटा कोसळत नाही. पाणी हे सगळे करते. त्याच्या या खोड्या पकडायच्या तर पाण्याचाच हिशेब मांडावा लागतो.

पाण्याच्या गतीची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडून ठेवली होती. अडचण एवढीच की वेड्यावाकड्या पृष्ठभागासाठी ती कागदावर सुटत नाहीत. मग सोडवायची कशी? पाण्याचे लहान लहान तुकडे करायचे, काळाचेही लहान लहान टप्पे करायचे, आणि प्रत्येक टप्प्याला प्रत्येक तुकड्याचा साधा बेरीज-वजाबाकीचा हिशेब करायचा. याला ‘संख्यात्मक सदृशीकरण’ असे अवजड नाव आहे. नावाला भिऊ नका. वही आणि पेन्सिल घ्या, आपण आताच एक करून पाहू.

दोन घरांचा समुद्र

४० सेंटीमीटर लांब, सरळ बाजूंचा एक ट्रे आहे आणि त्यात ४ सेंटीमीटर पाणी आहे असे समजा. मधोमध एक काल्पनिक रेघ ओढून त्याची दोन घरे करा. सुरुवातीला डाव्या घरातले पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १ सेंटीमीटर वर आणि उजव्यातले १ सेंटीमीटर खाली आहे. आपल्याला दोनच आकडे सांभाळायचे आहेत. एक, डावीकडचा चढ. दुसरा, मधल्या रेघेवरून उजवीकडे जाणाऱ्या पाण्याचा वेग. सुरुवातीला वेग शून्य.

पहिला नियम: डावीकडे पाणी जितके वर, तितका उजवीकडचा वेग वाढणार. चढ १ असताना दोन्ही घरांच्या पातळीत २ सेंटीमीटरचा फरक आहे, आणि दोन घरांच्या मध्यांतले अंतर २० सेंटीमीटर. म्हणजे उतार झाला एक-दशांश. गुरुत्वीय त्वरण ९८० ऐवजी सोयीसाठी १००० धरू. मग वेग सेकंदाला १०० ने, म्हणजे एका दशांश सेकंदात १० ने वाढेल. थोडक्यात, दर टप्प्याला वेगात चढाच्या दहापट मिळवा.

दुसरा नियम: जेवढे पाणी रेघ ओलांडून गेले तेवढे डावीकडे कमी झाले. ४ सेंटीमीटर खोलीतून गेलेले पाणी २० सेंटीमीटर लांबीच्या घरातून वजा होते. म्हणून दर टप्प्याला चढातून नव्या वेगाचा पन्नासावा भाग वजा करा.

बस्स! आता टप्पा एक दशांश सेकंदाचा धरून कोष्टक भरत चला.

वेळ ०.० — वेग ० — चढ १.००
वेळ ०.१ — वेग १० — चढ ०.८०
वेळ ०.२ — वेग १८ — चढ ०.४४
वेळ ०.३ — वेग २२.४ — चढ −०.०१
वेळ ०.४ — वेग २२.३ — चढ −०.४५
वेळ ०.५ — वेग १७.८ — चढ −०.८१
वेळ ०.६ — वेग ९.७ — चढ −१.००
वेळ ०.७ — वेग −०.४ — चढ −१.००

पाहा, डावीकडचे पाणी उतरले, पातळीपाशी आले तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त होता, म्हणून ते तेथे न थांबता १ सेंटीमीटर खाली गेले आणि तेथून वेगाने दिशा बदलली. आपण कोष्टकात ‘हेलकावा’ हा शब्द कोठेच घातला नव्हता. तो दोन नियमांतून आपोआप निघाला. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडा आणि कोष्टक पुढे चालू ठेवा. पूर्ण हेलकाव्याला सुमारे १.४ सेकंद लागतात असे दिसेल. मेरियनचे सूत्र सांगते १.२७ सेकंद. आपली चूक शेकडा ११ ची. दोनच घरांचा समुद्र म्हटल्यावर ती क्षम्य आहे! चार घरे केली तर चूक शेकडा अडीचच्या आसपास येते, दहा घरांत ती अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. आणि महत्त्वाचे म्हणजे, घरे केली की तळ उंचसखल असला तरी बिघडत नाही. प्रत्येक घराला त्याची त्याची खोली द्यायची. जिनीव्हाची हरवलेली दहा मिनिटे अशीच सापडतात.

आता याच हिशेबात एक अगदी किरकोळ बदल करा. चढ काढताना नुकताच मिळालेला नवा वेग न घेता आधीच्या ओळीतला जुना वेग घ्या. वरवर पाहता हेही तितकेच रास्त वाटते. पण चढ येत जातात: १, १, ०.८, ०.४, −०.१६, −०.८, −१.४१, −१.८६, −२.०२. पाण्याला कोणी बोट लावलेले नाही, तरी १ सेंटीमीटरचा चढ दुसऱ्या बाजूला २ सेंटीमीटर झाला! पुढे चालू ठेवा, काही हेलकाव्यांत तुमचा ट्रे कागदावर घराच्या छताला लागेल. पाणी बिघडलेले नाही, हिशेबाची रीत बिघडलेली आहे. संगणक हे उत्तरही तितक्याच शांतपणे आणि कितीतरी दशांश स्थळांपर्यंत छापून देतो. म्हणून हा विषय शिकवताना शिक्षकांनी दोन्ही कोष्टके मुलांकडून करवून घ्यावीत असे मी सुचवीन. दुसरे कोष्टक अधिक शिकवते.

टप्पा फार मोठा घेतला तरी असाच घोटाळा होतो. एका टप्प्यात लाट एका घरापेक्षा पुढे जाऊ नये, अशा अर्थाची अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली सांगितली होती. तेव्हा आजच्यासारखे संगणक जन्मालाही आले नव्हते!

पृष्ठभाग कोठे आहे?

दोन घरांच्या हिशेबात पाणी सपाट चढते-उतरते. खरे पाणी वळसे घेते, फुटते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली एक रीत प्रसिद्ध केली. त्यांनी टाकीवर उभ्याआडव्या रेघांची जाळी टाकली आणि पाण्यात असंख्य काल्पनिक खुणेचे कण सोडले. ज्या घरात कण आहेत तेथे पाणी, जेथे नाहीत तेथे हवा. कण वाहत गेले की पृष्ठभाग कोठे गेला ते कळते. पण इतक्या कणांची नोंद ठेवायची म्हणजे संगणकाच्या स्मृतीवर भार. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ साली सुटसुटीत मार्ग काढला. प्रत्येक घरासाठी एकच आकडा ठेवायचा. घर भरलेले असेल तर १, रिकामे असेल तर ०, आणि पृष्ठभाग ज्या घरातून जातो तेथे अधलामधला अपूर्णांक. ०.३ म्हणजे घर तीन-दशांश भरलेले. ही रीत आजही अनेक ठिकाणी वापरात आहे.

तिसरी रीत तर आकाशातून आली. १९७७ साली लूसी यांनी, आणि स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनॅहन यांनी, ताऱ्यांतील वायूच्या हालचाली मोजण्यासाठी जाळी पार टाकून दिली आणि वायूच कणांचा बनलेला आहे असे धरले. मोनॅहन यांनी १९९४ साली तीच युक्ती पाण्याला लावली. उसळून फुटणाऱ्या लाटेसाठी ती सोयीची ठरते, कारण शिंतोडा म्हणजे कळपातून निसटलेला कण.

एवढी साधने हाती आली म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र समजू नका. लाट भिंतीवर आपटते त्या क्षणी तिच्याखाली हवा कोंडते. त्या हवेचे बुडबुडे किती, केवढे, यावर भिंतीवरचा दाब अवलंबून असतो, आणि तो दर खेपेला थोडा वेगळा येतो. उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू नेणारी जहाजे म्हणूनच टाक्या जवळजवळ भरून किंवा जवळजवळ रिकाम्या नेतात, अधलीमधली पातळी टाळतात. त्यांच्या टाक्यांचे नमुने आजही हलत्या मंचावर ठेवून प्रत्यक्ष हलवून पाहतात आणि संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडतात.

ताडून पाहण्याची गरज का असते, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. ‘फाल्कन १’ या अमेरिकन अग्निबाणाचे दुसरे उड्डाण २१ मार्च २००७ रोजी झाले. त्याच्या वरच्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या टाकीत अडथळे बसवलेले नव्हते. हिंदकळण्याचा विचार झालाच नव्हता असे नाही. धोक्यांच्या यादीत तो अकराव्या क्रमांकावर होता. पण खालचा टप्पा सुटताना वरच्या इंजिनाच्या तोंडाला घासून गेला, धक्का बसला, ऑक्सिजन हेलकावू लागला आणि ज्युपिटरचीच कहाणी पन्नास वर्षांनी पुन्हा घडली. अग्निबाण कक्षेपर्यंत पोचला नाही. त्यानंतर त्या टाकीत अडथळे बसवण्यात आले. आकड्यांतले पाणी आपण दिलेल्या धक्क्यालाच उत्तर देते. न सांगितलेला धक्का त्याला कळत नाही.

चंद्रावर तर हिंदकळणाऱ्या इंधनाने वेगळीच गंमत केली. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना इंधन संपत आल्याचा दिवा लागला. तो लागला की मोजके सेकंद उरले असे समजून उलटी गणती सुरू होई. पृथ्वीवरून ‘तीस सेकंद’ असा इशाराही गेला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात यान टेकले. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे ४५ सेकंदांचे इंधन शिल्लक होते असे दिसले. इंधन हेलकावून पातळी मोजणाऱ्या साधनापासून क्षणभर दूर गेले आणि दिवा वेळेआधीच लागला होता. नंतरच्या यानांच्या टाक्यांत अडथळे वाढवण्यात आले.

जमिनीवरच्या टाक्यांनाही यातून सुटका नाही. जपानच्या होक्काइदो बेटाजवळ २६ सप्टेंबर २००३ रोजी मोठा भूकंप झाला. तोमाकोमाई हे तेलशुद्धीचे गाव केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. इतक्या दूर जलद कंपने विरून जातात, पण संथ लाटा पोचतात. सुमारे ४० मीटर व्यासाच्या आणि २० मीटर भरलेल्या टाकीचा स्वतःचा ताल सात सेकंदांच्या आसपास असतो, आणि जमिनीचा संथ डोल नेमका तसाच होता. तेलावर तरंगणारी छपरे मोडली, तेल बाहेर आले, दोन टाक्या पेटल्या. बादली आणि पाऊल यांचाच हा खेळ, फक्त पाऊल टाकणारी होती पृथ्वी.

आणि याच तालाचा चांगला उपयोगही होतो. उंच मनोरा वाऱ्याने डोलतो. त्याच्या डोलाशी जुळणाऱ्या तालाचे पाणी भरून पसरट भांडी माथ्यावर ठेवली, तर मनोऱ्याची ऊर्जा पाण्यात जाते आणि पाणी ती घुसळून संपवते. जपानमध्ये नागासाकी विमानतळाच्या मनोऱ्यावर आणि योकोहामाच्या मरीन टॉवरवर १९८७ साली अशी भांडी बसवली गेली.

आता तुमचे काम. सरळ बाजूंचा ४० सेंटीमीटर लांबीचा ट्रे मिळवा, त्यात ४ सेंटीमीटर पाणी घाला. एक टोक हलकेच उचलून सोडा आणि दहा हेलकाव्यांचा वेळ घड्याळावर मोजा. तो १३ सेकंदांच्या आसपास यावा. (आपण ९८० चे १००० केले होते, शिवाय पाणी अगदी उथळ नाही, म्हणून १२.७ पेक्षा थोडा अधिक.) मग पाणी १ सेंटीमीटरच ठेवा. आधी सूत्रावरून वेळ काढून वहीत लिहा, मगच मोजा. त्यानंतर पाण्यावर साबणाच्या फेसाचा जाड थर आणून पाहा. बुडबुड्यांचे पाचएक थरही हेलकावा लवकर थांबवतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले होते. तुमच्या ट्रेमध्ये फेसाशिवाय किती हेलकावे मोजता आले आणि फेसासह किती, हे शेजारीशेजारी लिहा. आणि ज्यांना कोष्टकाची गोडी लागली असेल त्यांनी चार घरांचा हिशेब करून पाहावा. त्यात चार चढ आणि तीन वेग सांभाळावे लागतील.